कॉफीला धुरी

धुराची बाजू घेऊन बोलणारा मनुष्य सहसा भेटत नाही. तर्कशास्त्राने त्याला पर्वतावरील अग्नीचा साक्षीदार म्हणून पाचारण केले खरे, पण साक्ष संपल्यावर त्याची पुढे कोणी विचारपूस केली नाही. संपत्तीने ज्याची दृष्टी फिरली त्याच्या डोळ्यांवर धूर आला असे आपण म्हणतो. म्हणजे तेथेही बदनामी धुराचीच. परंतु हाच नकोसा पदार्थ मोजून-मापून, झाकणाखाली कोंडून, आपल्या इच्छेने घरात घेतला की त्याचे नाव बदलते. मग त्याला धुरी म्हणतात. न्हाऊ घातलेल्या तान्ह्या मुलाला ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी देतात. तिन्हीसांजेला धुपाची धुरी घरभर फिरते. भरिताच्या पातेल्यात वाटी ठेवून तिच्यातील निखाऱ्यावर चमचाभर तूप सोडावे आणि वर घट्ट झाकण घालावे. हा झाला धुंगार. ते झाकण उघडण्याच्या क्षणी पानावर बसलेली मंडळी बोलायची थांबतात. न बोलावता आला तर धूर, बोलावून आणला तर धुरी, एवढाच काय तो भेद.

गेली दोन वर्षे मी कॉफीच्या कच्च्या बियांना धुरी देत आलो आहे. हा छंद केंद्र सरकारच्या कारकुनास शोभणारा आहे किंवा नाही हे मला सांगता येणार नाही. मात्र सेवानियमांत त्याविरुद्ध काही आढळलेले नाही.

माझे बिऱ्हाड पद्मनाभपुरात आहे. दुर्ग आणि भिलाई ही शहरे आता एकमेकांत इतकी मिसळली आहेत की पाहुण्याला पत्ता सांगताना कधी एकाचे नाव पुढे करावे लागते, कधी दुसऱ्याचे. या मुलुखाशी आपला संबंध जुना आहे. १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि १९५६ पर्यंत येथील कागदपत्रे नागपूर या राजधानीकडेच जात. भिलाईचा जन्म मात्र वेगळ्या कारणाने झाला. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोविएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीपाठोपाठ तमिळ, तेलुगू, मल्याळी, बंगाली, पंजाबी, ओडिया अशी सारी माणसे येथे आली आणि प्रत्येकाने आपापला चहा, आपापले लोणचे आणि आपापली कॉफी बरोबर आणली.

कॉफीशी माझी ओळख झाली ती याच शेजारामुळे. तोवर मी जिला कॉफी समजत होतो ती परतवाड्याच्या आमच्या घरातली. पाऊण भाग दूध, भरपूर साखर आणि वरून उगाळलेले जायफळ. पाहुणा चहा घेत नसेल किंवा एखाद्याला उपास असेल तरच ती व्हायची. विशेष म्हणजे आमच्या गावामागे उभ्या असलेल्या चिखलदऱ्याच्या डोंगरावर कॉफीची झाडे आहेत. तरीही कॉफी हे झाडाचे बीज आहे ही गोष्ट मला शाळेच्या पुस्तकातून कळली, डोंगराकडून नव्हे.

शेजारचे वृद्ध गृहस्थ मूळचे तंजावरकडचे. मी त्यांना येथल्या रिवाजाप्रमाणे अंकलजी म्हणतो. ते मला मराठी बाबू म्हणतात. पोलाद कारखान्याच्या कोक-भट्ट्यांवर तीस वर्षे काम करून ते निवृत्त झाले. कोक-भट्टी म्हणजे काय ते त्यांनीच मला समजावून सांगितले. दगडी कोळसा हवा लागू न देता हजार अंशांहून अधिक उष्णतेत भाजायचा. त्यातील वायू आणि डांबर निघून गेले की मागे जो कडक, सच्छिद्र अवशेष राहतो तो कोक. त्याच्यावाचून झोतभट्टीत लोखंड वितळत नाही. दर रविवारी सकाळी ते ओसरीत बसून लोखंडी कढईत कॉफीच्या बिया भाजतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तीच जुनी, भट्टीवरची सावधता असते. कढईवरून त्यांची नजर हलत नाही, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोललेले त्यांना खपत नाही.

कच्ची बी दिसायला अगदी सामान्य असते. रंग हिरवट करडा, वास वाळल्या गवताचा, आणि दातांखाली धरली तर खड्यासारखी कठीण. तिच्यात दहा ते बारा टक्के ओलावा असतो. कढईत पडल्यावर ती आधी पिवळी होते, मग दालचिनीच्या रंगावर येते, आणि उष्णता दोनशे अंशांच्या आसपास पोचली की लाहीसारखी तडतडते. वजन सहाव्या-सातव्या हिश्शाने घटते आणि आकार मात्र दीडपट होतो. अंगावरचे पातळ फोलपट सुटून उडू लागते. त्या तडतडण्याच्या आधी तिला कॉफी म्हणता येत नाही आणि त्यानंतर चार-पाच मिनिटे दुर्लक्ष झाले तर तिला कोळसा म्हणावे लागते.

धुरीची कल्पना मला सुचली ती बीच्या एका गुणामुळे. कच्ची बी शेजाऱ्याचा वास उचलते. ती मसाल्याजवळ ठेवू नये, रॉकेलजवळ ठेवू नये, ओल्या भिंतीला टेकवू नये, असे अंकलजी बजावत असत. या गुणाची एक मोठी कथा आहे. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबार किनाऱ्यावरून निघालेली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी युरोपात पोचे. समुद्राची दमट हवा खाऊन हिरव्या बिया वाटेतच फुगत आणि फिकट पिवळ्या होत. तेथील लोकांना तीच चव कॉफीची खरी चव वाटू लागली. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी आल्या, प्रवास थोड्या आठवड्यांवर आला आणि बिया जशा निघाल्या तशाच हिरव्या पोचू लागल्या. तेव्हा गिऱ्हाईक नाराज झाले. यावर आपल्या व्यापाऱ्यांनी तोड काढली. मंगळूरच्या बाजूला उघड्या वखारींतून बिया पसरून त्यांना पावसाळ्याचे वारे तीन-चार महिने खाऊ घालण्याची पद्धत पडली, आणि 'मॉन्सून्ड मलबार' या नावाने ती कॉफी आजही परदेशी जाते. प्रवासात जो दोष जडला होता तो घरबसल्या, मुद्दाम, हिशेबाने लावण्याचा हा उद्योग. बी जर समुद्र उचलते तर धूर का उचलणार नाही, असा प्रश्न एका कारकुनाच्या मनात आला तर त्यात नवल नाही.

शिवाय धूर हा कॉफीचा अगदी परका नातेवाईक नव्हे. लाकूड जळताना त्यातील लिग्निन नावाचे द्रव्य फुटते आणि ग्वायकॉल हा पदार्थ तयार होतो. धुराचा जो ओळखीचा वास, त्यात याचा मोठा वाटा. कॉफी भाजताना तिच्या अंगच्या आम्लांतून हाच ग्वायकॉल थोड्या प्रमाणात जन्मास येतो. म्हणजे धुरी दिली काय आणि न दिली काय, प्रत्येक पेल्यात धुराचा एक धागा असतोच. कॉफीची मूळ भूमी जी इथिओपिया, तेथे पाहुण्यांसमोर बिया भाजतात आणि त्यांचा धूर एकेकाच्या पुढे नेऊन त्याला हुंगायला देतात. चीनमधील वूयी डोंगरात पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला चहा शतकानुशतके विकला जातो. इतके पुरावे पाठीशी असताना मी धीर केला.

कृती साधी आहे. छत्तीसगडात थंडीच्या दिवसांत घरोघरी मातीची गोरसी पेटते. गोरसी म्हणजे निखारे ठेवण्याचे पसरट भांडे, आपल्या शेगडीची धाकटी बहीण. तिच्यात राखेने झाकलेले दोन निखारे ठेवावे आणि त्यांवर वाळलेल्या आंब्याच्या लाकडाचा भुसा मूठभर पसरावा. ज्वाला उठता कामा नये. पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, दोन्ही तोंडे कापून, त्यावर उभा करावा. वरच्या तोंडावर चाळणीत बियांचा एकेरी थर द्यावा आणि थोडी फट ठेवून परात उपडी घालावी. धूर वर पोचेपर्यंत निवाला पाहिजे. चाळणीला हात लावला असता ती कोमट लागावी. तापली तर बी अर्धवट शिजते आणि मग ती नीट भाजत नाही. लाकूड रंग दिलेले किंवा प्लायवूडचे मुळीच नसावे. हे सर्व उघड्या गच्चीवर करावे, घरात कदापि करू नये. कारण नाव धुरी असले तरी फुप्फुसांना हा नावातला फरक कळत नाही.

किती वेळ, हा खरा प्रश्न. दहा मिनिटांची धुरी भाजताना उडून जाते. तिचा मागमूस राहत नाही. वीस-पंचवीस मिनिटांची बी एक दिवस बंद बरणीत ठेवून भाजली तर घोट गिळल्यावर, अगदी शेवटी, दूरच्या शेतात कोणी धसकटे पेटवली असावीत असा वास येतो. चाळीस मिनिटांनंतर पेल्यात धूरच राहतो आणि कॉफी निघून जाते. बाभळीचा धूर उग्र, आंब्याचा सौम्य. सालवृक्षाला येथे सरई म्हणतात. त्याची राळ चिमूटभर टाकली तर पेला देवघरासारखा दरवळतो आणि पिण्याऐवजी त्याला नमस्कार करावासा वाटतो. भाजलेल्या बियांना धुरी दिली तर वास येतो, पण तो वरवरचा असतो. खोल जायचे तर बी कच्ची असतानाच धूर लागला पाहिजे.

पत्नीचा अभिप्राय संयमित होता: "वाईट नाही." सहा वर्षांची मुलगी गच्चीवर नाचत "धुंगिया, धुंगिया" म्हणून ओरडते. धुराला छत्तीसगडीत धुंगिया म्हणतात. आपला धुंगार आणि हा धुंगिया एकाच कुळातले असावेत असे मला वाटते. तिला मात्र त्यांपैकी एकच शब्द ठाऊक आहे.

अंकलजींना पेला नेऊन दिला तेव्हा मी प्रशंसेच्या अपेक्षेत होतो. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि विचारले, "बिया कुठे ठेवल्या होत्या?" मी सांगितले. ते हसले नाहीत. कॉफीची प्रत ठरविणारे पारखी धुराच्या वासाला दोष मानतात, हे त्यांनी मला समजावले. पावसाळी मुलखात बिया लाकडाच्या भट्टीवर वाळवताना नळीतून धूर गळला तर सारा माल उतरतो. मग थोडे थांबून ते म्हणाले, "बाबू, मी तीस वर्षे घरी आलो की आधी नाक धूत असे. मग कॉफी. ती दोन्ही एका पेल्यात का आणू?" यात तक्रार नव्हती, आपल्या कामाविषयी ते अभिमानानेच बोलतात. पण घर आणि भट्टी यांच्यामध्ये त्यांनी एक उंबरठा राखला होता, आणि माझ्या पेल्याने तो ओलांडला होता.

मागच्या मार्गशीर्षात आई येथे आली. ती एकटीच परतवाड्याला राहते. वडील जाऊन चार वर्षे झाली. एका संध्याकाळी मी गच्चीवर डबा मांडून बसलो असता ती जिना चढून वर आली आणि पदर नाकाला लावून दारातच थांबली.

"हे काय चाललंय?"

मी सर्व सांगितले. मंगळूर, इथिओपिया, ग्वायकॉल. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"अरे, तू कॉलेजात जाईपर्यंत आपल्याकडे चूल होती. बावीस वर्षं मी फुंकणी फुंकली. सिलिंडर आला त्या दिवशी मी भिंत घासून काढली होती, आठवतं? आणि तू हा पैसे देऊन घरात आणतोस?"

पेला मात्र तिने घेतला. मुलाने केलेले नाकारायचे नाही हा तिचा नियम. एक घोट घेऊन ती म्हणाली, "पावसाळ्यातल्या दुधासारखं लागतं." मला लगेच आठवले. ओली लाकडे धुमसत, दूध धुरकटत असे, आणि आम्ही मुले ते पीत नसू. मग ती ते दूध स्वतः पिई. उरलेली कॉफी तिने शांतपणे मोरीत ओतली आणि पत्नीला म्हणाली, "मला जायफळ घालून साधी कर."

त्यानंतर पुष्कळ दिवस मी या गोष्टीचा विचार करीत आहे. भट्टीवरचे गृहस्थ आणि चुलीपुढची बाई, दोघांचीही भाषा निराळी, प्रांत निराळा. पण दोघांनी एकच उत्तर दिले. ज्याने धूर सोसला त्याला धुरीचे कौतुक नाही. धुरीची गोडी लागते ती आम्हाला, ज्यांना वाटेल तेव्हा परात उचलता येते. निखारा माझा, भुसा माझा, वेळ मी घड्याळावर मोजणार. पंचविसाव्या मिनिटाला सारे आटोपते. आईच्या चुलीला असे पंचविसावे मिनिट नव्हते.

आणि मग मनात येते, की आपण बाहेरगावी राहणारी मंडळी ज्या आठवणींवर जगतो त्यांचेही असेच नसेल काय? आपल्यापैकी बहुतेकांच्या गावी महाराष्ट्र मंडळ आहे. गणपतीत आपण दहा दिवस आरत्या म्हणतो, दिवाळीत चकल्या मोजतो, कोणी वऱ्हाडी बोलला की गहिवरतो. गावाची ओढ हा आपल्या जीवनातला सुगंध आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु ती आपण बेताने घेतो. कार्यक्रम संपला की परात उचलली जाते, दुसऱ्या दिवशी कचेरी असते. ज्यांना आपण मागे ठेवले आहे त्यांच्याकडे तीच ओढ चोवीस तास, दारे-खिडक्या लावलेल्या घरात कोंडलेली असते. आई सकाळी दोन माणसांचा चहा ठेवते आणि मग लक्षात येऊन अर्धे पाणी ओतून टाकते, हे तिने मला सांगितलेले नाही. पत्नीने पाहिले आणि सांगितले. घराची आठवण हा मला धुरीसारखा वाटणारा पदार्थ तिच्याकडे धूर म्हणून नांदत आहे.

येथे येऊन राहा, असे तिला आम्ही पुष्कळदा म्हटले. तिची उत्तरे ठरलेली आहेत: तुळस, शेजारीण, वडिलांनी लावलेले संत्र्याचे झाड. या वेळी तिने आणखी एक उत्तर दिले. गाडीत बसवायला दुर्ग स्थानकावर गेलो असता ती म्हणाली, "तुम्ही इथे मुरलात, चांगलं झालं. माझं आता मुरायचं वय नाही." कच्ची बीच वास उचलते ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती.

आमच्या खात्यात विनंतीवरून दुसऱ्या विभागात बदली मिळू शकते. मात्र तेथे गेल्यावर ज्येष्ठतेच्या यादीत सर्वांत खाली बसावे लागते. माझ्या बढतीला आता दोन-तीन वर्षेच उरली आहेत. मुलीची शाळा येथे चांगली आहे, पत्नीचे मन रमले आहे, आणि मलाही हे गाव आवडते हे सांगायला संकोच वाटू नये. विवेकाच्या तराजूत ही बाजू जड आहे. पत्नीने मात्र एका रात्री विचारले, "बढती झाली तर आपण काय करू? तेव्हाही तिथे जायची इच्छा झालीच तर पुन्हा खालीच बसावं लागेल ना?" सरकारी हिशेबाला इतके सरळ उत्तर मी कोणाकडून ऐकले नव्हते.

अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला. अमरावती मिळाल्यास उत्तम, नाही तर नागपूर. अशा अर्जांना किती दिवस लागतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कदाचित एक पावसाळा, कदाचित तीन. तोवर अंकलजींकडे विशाखापट्टणच्या बाजूने येणाऱ्या अराकूच्या बिया मी आता धुरी न देता भाजायला शिकत आहे. तडतडण्याचा तो एक क्षण ओळखणे हे धुरीहून कठीण काम आहे आणि त्यात माझी प्रगती बेताची आहे, असे त्यांचे मत आहे. बस्तरात दरभ्याच्या भागात २०१७ पासून कॉफीची लागवड सुरू झाली आहे. तेथल्या कच्च्या बिया थोड्या मिळाव्यात म्हणून एका सहकाऱ्याला सांगून ठेवले आहे. जाण्यापूर्वी या मातीची कॉफी एकदा तरी तिच्या स्वतःच्या वासानिशी प्यावी, एवढीच इच्छा.

अर्जाचे वृत्त आईला दूरध्वनीवरून कळवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुलीची शाळा नीट पाहून घ्या आधी." आणि फोन ठेवता ठेवता, जणू आठवले म्हणून: "येताना तो डबा मात्र आणू नकोस."